किनाऱ्याला विचारले कोणी?

पावसाळा तोंडावर आला आणि वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला की आपल्या पुळणींवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. संध्याकाळी समुद्रावर फिरावयास गेलेल्या माणसाच्या तळपायांना ते चिकटतात आणि घरी परतल्यावर रॉकेलच्या बोळ्याने तळवे घासल्याखेरीज सुटका होत नाही. अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंतच्या पट्टीत वाढलेल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. जहाजांच्या टाक्यांचे धुवण, कुठली तरी गळती, कुठला तरी अपघात, अशा अनेक वाटांनी समुद्रात सांडलेले तेल लाटांनी घुसळून घट्ट होते आणि अखेरीस आपल्या दारी येते. आपण ते पुसतो आणि विसरतो.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पॅसिफिक महासागराच्या काठी एक नगर आहे. तेथील लोकही पिढ्यानपिढ्या असेच तळवे पुसत आले. मात्र एका वर्षी त्यांच्या किनाऱ्यावर असे काही येऊन आदळले की त्यांना ते विसरता आले नाही. त्या नगराचे नाव सांता बार्बारा. समुद्रातील तेलविहिरींविरुद्ध या नगराने दिलेल्या लढ्याची हकीकत प्रस्तुत लेखात आम्ही सांगू इच्छितो. समुद्राच्या पोटातले तेल काढावे की काढू नये, हा प्रश्न तिच्यात आहेच. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न तिच्या मुळाशी आहे : ज्यांच्या दारी धोका उभा राहणार, त्यांना आधी विचारावयाचे की नाही?

संतनामाचे नगर

संत बार्बारा ही ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांतील रक्तसाक्षी कुमारिका. परंपरा सांगते की, तिच्या पित्याने तिला मनोऱ्यात कोंडले, तिने श्रद्धा सोडली नाही म्हणून स्वहस्ते तिचा वध केला, आणि त्याच क्षणी वीज कोसळून तो भस्म झाला. त्यामुळे वीज, स्फोट आणि अवचित मरण यांपासून रक्षण करणारी म्हणून भाविक तिचा धावा करू लागले. खाणकामगार व तोफखान्यातील सैनिक तिला आपली आश्रयदाती मानतात. 1602 च्या डिसेंबरात तिच्या सणाच्या सुमारास स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान विस्काइनो याची जहाजे कॅलिफोर्नियाच्या एका सामुद्रधुनीत शिरली आणि त्याने तिला या संताचे नाव दिले. पुढे 4 डिसेंबर 1786 रोजी, नेमक्या सणाच्या दिवशी, फादर फर्मिन लासुएन यांनी तेथे मिशनची स्थापना केली. हे धर्मगुरू फ्रान्सिस्कन संघाचे होते. त्याच संघाच्या धर्मगुरूंनी दोन शतकांपूर्वी आपल्या वसईत चर्चे उभारली होती.

त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी चुमाश. तेथील समुद्रतळाच्या भेगांतून तेल आपोआप झिरपते आणि त्याचे डांबर होऊन पुळणीवर येते. चुमाश लोक ते डांबर गोळा करीत, त्यात पाइन वृक्षाची राळ मिसळीत आणि त्या मिश्रणाने आपल्या ‘तोमोल’ नावाच्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी बुजवीत. होडीची सांध बुजविणे म्हणजे काय हे आपल्या कोळी बांधवांना ठाऊक आहे. तात्पर्य, त्या समुद्राखाली तेल आहे ही गोष्ट कोणा कंपनीने शोधून काढलेली नव्हती. आणि येथे इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वसाहतीच्या काळात आलेल्या रोगराईने चुमाश समाजाची दैना झाली आणि 1824 साली मिशनमधील चुमाशांनी बंडही केले. किनाऱ्यावरच्या माणसांना न विचारता त्यांच्या भूमीचे भवितव्य ठरविण्याची रीत तेथे तेलाच्या फार आधीपासून चालत आली होती.

समुद्रात रोवलेले मनोरे

सांता बार्बाराच्या पूर्वेस काही मैलांवर समरलँड नावाचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोकांनी तेलाच्या शोधात किनाऱ्यावर विहिरी खोदल्या. मग वाळूत सापडलेला तेलाचा थर समुद्राखाली जातो असे पाहून त्यांनी लाकडी धक्के थेट पाण्यात नेले आणि त्यांवर मनोरे उभारून समुद्रतळात विहिरी खणल्या. समुद्रातील तेलविहिरींच्या इतिहासाचे हे पहिले पान समजले जाते. तेल फार निघाले नाही. उत्पन्न आटताच मालक निघून गेले आणि विहिरी नीट न बुजवता तशाच राहिल्या. त्यांपैकी ‘बेकर’ नावाची एक विहीर गळत असल्यामुळे 2018 साली, म्हणजे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, सरकारी खर्चाने बंद करावी लागली. तेल नेणाऱ्याचा मुक्काम काही वर्षांचा असतो. त्याने मागे ठेवलेले निस्तरावयास किनारा कायमचा तेथेच असतो.

सर्वांनीच हे मुकाट्याने स्वीकारले असे नाही. 1899 साली जवळच्या मिरामार पुळणीवर मनोरा उभारला जाऊ लागला, तेव्हा चिडलेल्या नागरिकांच्या जमावाने तो पाडून टाकला. त्या रात्रीच्या दांडगाईचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु आपल्या पुळणीवर काय उभे राहावे याविषयी त्या नगराची मते किती तीव्र होती, हे तिच्यावरून कळते.

तीन मैलांची रेषा

विसाव्या शतकात वाद पुळणीवरून कायद्याच्या पुस्तकात गेला. 1953 साली अमेरिकन संसदेने कायदा करून किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतचा समुद्रतळ राज्यांना दिला आणि त्यापलीकडील केंद्राकडे ठेवला. कॅलिफोर्निया राज्याने 1955 साली सांता बार्बारा नगरासमोरील आपल्या हद्दीतील पट्टा तेलविहिरींपासून राखून ठेवला. परंतु वारा व प्रवाह यांना कायद्यातील रेषा दिसत नाहीत. तीन मैलांपलीकडे सांडलेल्या तेलाला अलीकडच्या किनाऱ्यावर येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

व्हिएतनामच्या युद्धाने केंद्र सरकारच्या तिजोरीवर ताण आणला होता. 6 फेब्रुवारी 1968 रोजी केंद्राने त्या सामुद्रधुनीतील 71 भूखंडांचे हक्क लिलावाने कंपन्यांना दिले आणि 60 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. स्थानिक काउंटीच्या प्रतिनिधींनी लिलाव पुढे ढकलण्याची विनंती केली होती. त्यांच्या पदरात पडली ती राज्याच्या हद्दीपुढे आणखी दोन मैलांची मोकळी पट्टी. खोदाईपूर्वी जाहीर सुनावणी झाली नाही. त्याविषयी एका सरकारी अभियंत्याने लिहिलेले टिपण पुढे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. तेथील ‘नेटिव्ह’ लोकांना विनाकारण चेतविणे टाळावे, असा त्याचा आशय होता. ज्यांच्याविषयी हे लिहिले ते सुखवस्तू, सुशिक्षित, बहुतांशी सनातनी वृत्तीचे अमेरिकन नागरिक होते. ‘नेटिव्ह’ हा शब्द आपल्या पूर्वजांनी पुष्कळ ऐकला आहे. सत्तेच्या खुर्चीतून पाहिले की किनाऱ्यावरचा प्रत्येक मनुष्य नेटिव्हच दिसतो.

28 जानेवारी 1969

किनाऱ्यापासून सुमारे सहा मैलांवर, 188 फूट खोल पाण्यात, युनियन ऑइल कंपनीने ‘प्लॅटफॉर्म ए’ उभा केला होता. 28 जानेवारी 1969 च्या सकाळी तेथील पाचवी विहीर सुमारे 3,500 फूट खोल गेली आणि कामगार भोकातून खोदाईची नळी वर ओढू लागले. अशा विहिरीत खालचा दाब रोखण्यासाठी जड चिखल भरलेला असतो आणि वरच्या भागात भोकाच्या भिंती सावरण्यासाठी पोलादी आवरण बसविलेले असते. नियमानुसार पहिले आवरण किमान 300 फूट खोल असावयास हवे होते. कंपनीने मागितलेली सवलत सरकारी खात्याने मंजूर केली होती आणि ते सुमारे 240 फुटांवरच थांबविले होते.

नळी वर येत असता दाब अनावर झाला आणि वायू व चिखल यांचा लोट वर उसळला. कामगारांनी जिवाची पर्वा न करता काही मिनिटांत विहिरीचे तोंड बंद केले. परंतु वर कोंडलेला दाब खाली वाट शोधू लागला. आवरण जेथे संपले होते त्याखालच्या ठिसूळ खडकातून तेल व वायू घुसले आणि प्लॅटफॉर्मच्या आसपास समुद्रतळ अनेक ठिकाणी फाटून पाणी उकळू लागले. विहिरीचे तोंड बंद होते आणि समुद्राचा तळ उघडा पडला होता.

काही दिवस जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने तेल दूर ठेवले. 4 फेब्रुवारीस वादळ आले, वारा फिरला आणि त्या रात्री तेल बंदरात शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नगराला जाग आली ती उग्र दर्पाने. लाटा फुटत होत्या, परंतु त्यांचा आवाज येत नव्हता, इतका जाड तेलाचा थर त्यांच्यावर होता. चिखल व सिमेंट ओतून विहीर बुजविण्यास फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपला. त्यानंतरही तळाच्या भेगांतून गळती कित्येक महिने चालू राहिली. पहिल्या दहा-अकरा दिवसांत 80 हजार ते एक लाख पिंपे, म्हणजे सुमारे सव्वा ते दीड कोटी लिटर तेल समुद्रात गेले असा अंदाज आहे.

एवढ्या संकटासाठी सरकार व कंपनी यांच्याजवळ असलेले साधन काय होते? भाताच्या पेंढ्यासारखे वाळके गवत! ट्रकच्या ट्रक गवत पुळणीवर पसरून, तेल शोषल्यावर ते दाताळ्यांनी ओढून भरले जाई. कंपनीचे मजूर, तुरुंगातील कैदी, विद्यार्थी, गृहिणी असे सारे त्या कामाला लागले. तेलाने पिसे चिकटलेले पाणपक्षी लोकांनी उराशी धरून धुतले, तरी त्यांतील थोडेच वाचले. मोजदाद झालेल्या मृत पक्ष्यांचा आकडा 3,600 च्या वर गेला. न मोजलेले समुद्रातच राहिले. मच्छीमारांच्या होड्या काळ्या पडून बंदरात अडकल्या आणि त्यांचा हंगाम बुडाला.

कंपनीच्या अध्यक्षांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, मनुष्यहानी झालेली नसल्यामुळे या प्रकाराला आपत्ती म्हणणे त्यांना रुचत नाही. ते आपल्या परीने खरेच बोलत असतील. परंतु पुळणीवर मरते पाखरू हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

लढा आणि त्याचे फळ

तेल किनाऱ्याला लागण्यापूर्वीच नगरात ‘गेट ऑइल आउट’ ही संघटना उभी राहू लागली होती. ‘तेल हटवा’ हा तिचा सरळ अर्थ. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘गू’ असा उच्चार होतो आणि इंग्रजीत तो शब्द चिकट घाणीसाठी वापरतात. आपल्या वाचकांना त्या उच्चाराचे हसू येईल, पण अर्थाला तो फारसा विसंगत नाही! संघटनेने एक लाखाहून अधिक सह्यांचे निवेदन राष्ट्राध्यक्षांकडे धाडले. 21 मार्च 1969 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः येऊन पुळण पाहून गेले. काही काळ खोदाई थांबविली गेली. पण त्या उन्हाळ्यात सरकारच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला की, गळती थांबवावयाची तर खालचा साठा उपसून दाब कमी केला पाहिजे. म्हणजे तेल काढण्यातून ओढवलेल्या संकटावर उपाय ठरला तो आणखी तेल काढण्याचा. नागरिकांनी न्यायालयांचे दरवाजे ठोठावले. नोव्हेंबरात नवा प्लॅटफॉर्म येऊ घातला तेव्हा लोक होड्या घेऊन त्या जागी गेले आणि मासेमारीचे गळ टाकून बसले. तरीही नवा प्लॅटफॉर्म उभा राहिलाच आणि जुनाही हटला नाही. अर्धशतक उलटल्यावरही ‘प्लॅटफॉर्म ए’ त्या क्षितिजावर उभाच होता.

मग हा लढा हरला असे म्हणावयाचे काय? आमचे मत तसे नाही. राज्याने आपल्या हद्दीतील नवे करार थांबविले. 1 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही झाली. मोठे सरकारी काम हाती घेण्यापूर्वी त्याच्या परिणामांचा लेखी अहवाल करून तो लोकांपुढे ठेवणे त्याने बंधनकारक केले. या कायद्याची तयारी आधीच चालू होती, पण काळ्या पडलेल्या पुळणीच्या छायाचित्रांनी त्याला बळ दिले. दुर्घटनेच्या पहिल्या स्मृतिदिनी सांता बार्बारात जमलेल्या नागरिकांनी पर्यावरण-हक्कांचा जाहीरनामा वाचला. इतिहासाचे प्राध्यापक रॉडरिक नॅश यांनी तो लिहिला होता. 1969 च्या उन्हाळ्यात ती पुळण पाहून गेलेले सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या पुढाकाराने 22 एप्रिल 1970 रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. आपल्या शाळांतील मुले आज ज्या दिवशी झाडे लावतात, त्या दिवसाचे एक मूळ त्या काळ्या वाळूत आहे. कॅलिफोर्नियासमोरील केंद्राच्या समुद्रात 1984 नंतर पुढील चाळीस वर्षे नव्या क्षेत्रांचा एकही लिलाव झाला नाही.

अर्थात हे यश एकदा मिळाले म्हणजे कायमचे गाठीशी बांधले गेले असेही नाही. 19 मे 2015 रोजी त्याच किनाऱ्यावरील रेफुजिओ येथे जमिनीवरची तेलवाहिनी फुटली. एक लाख गॅलनहून अधिक तेल सांडले आणि त्यातील काही ओढ्याने समुद्रात गेले. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी 62 कोटी एकरांहून अधिक समुद्र नव्या तेल-करारांतून वगळला, आणि पंधरवड्याच्या आत नवे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो आदेश मागे घेतला. एका सहीने जे मिळते ते दुसऱ्या सहीने जाते. टिकते ते एवढेच की, पुढची पिढी पुन्हा विचारावयास उभी राहते.

आपल्या नावाचा समुद्र

ही हकीकत दूरदेशीची असली तरी तिचा एक धागा आपल्या दारात येऊन पोहोचतो. 1974 साली मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या खोदाईजहाजाने तेल शोधले आणि 21 मे 1976 रोजी ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. 1973 च्या जागतिक तेलटंचाईने होरपळलेल्या देशाला तो मोठा आधार वाटला आणि तो अभिमान रास्तच होता. त्यानंतर लवकरच सापडलेल्या मोठ्या वायुक्षेत्राला नाव मिळाले ‘बसीन’. बसीन म्हणजे आपली वसई! पोर्तुगीजांनी ‘बासाईं’ म्हटले, इंग्रजांनी ‘बसीन’ केले आणि ते नाव समुद्राच्या तळाशी जाऊन बसले. तेथला वायू नळाने गुजरातेतील हजिऱ्याकडे गेला आणि पुढे त्यापासून शेतकऱ्यांसाठी युरियाही बनला.

येथे आम्हाला आपल्या घरात पाहणेही भाग आहे. आपल्या चुली वायूवर पेटतात, होड्यांची यंत्रे डिझेलवर चालतात, आपल्या समाजातील तरुण समुद्रातील प्लॅटफॉर्मवर नोकरी करून घर चालवितात. त्या नोकरीची किंमतही आपण पाहिली आहे. 27 जुलै 2005 रोजी आपल्यावरील एका जखमी कामगाराला प्लॅटफॉर्मवर उतरविण्यासाठी आलेले जहाज धडकून ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्म पेटला आणि 22 जण मृत्युमुखी पडले. मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात पी-305 ही तराफानौका बुडून सत्तराहून अधिक कामगार गेले. तेव्हा तेलाला शिव्या देऊन आपले हात स्वच्छ होत नाहीत. सांता बार्बाराच्या नागरिकांच्या दारीही मोटारी होत्या. त्यांना ही विसंगती ऐकविली गेली आणि ती खोटी नव्हती. परंतु तेल वापरणाऱ्याने आपल्या किनाऱ्याविषयी प्रश्न विचारू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. भाकरी खाणारा मनुष्य शेताच्या बांधाविषयी बोलतोच.

आणि प्रश्न आहेत. मे 1993 मध्ये बॉम्बे हायहून येणारी तेलवाहिनी फुटली. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन इंधनतेल पसरले. प्रत्येक वेळी हंगाम बुडाला तो जाळे टाकणाऱ्याचा. आपल्या देशात 1994 साली पर्यावरण-परिणामांच्या अहवालाचा नियम आला आणि 1997 साली त्यात जाहीर सुनावणीची भर पडली. परंतु 16 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तेल व वायूच्या शोधासाठी होणारी खोदाई, समुद्रातील असो वा जमिनीवरील, अशा वर्गात टाकली गेली की तिच्यासाठी तो सविस्तर अहवाल व ती सुनावणी आवश्यक राहिली नाही. प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रकल्प वरच्या वर्गात राहिले. पण पहिले भोक पाडताना किनाऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही. 1968 साली सांता बार्बारात जे टाळले गेले, ते येथे कागदावर नियमाच्या रूपाने आले.

रेफुजिओची तेलवाहिनी फुटल्यानंतर पाचच दिवसांनी, 24 मे 2015 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रावर सही केली. प्रकल्पाच्या परिणामांचा विचार आरंभीच झाला पाहिजे आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे, असे त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. वसईला हा विचार नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी व जमीन यांविषयी हाच प्रश्न विचारला होता. त्या वेळी गावोगावच्या साध्या माणसांनी नकाशे उलगडून वाचावयास शिकून घेतले. समुद्राचे नकाशे मात्र अद्याप आपण उलगडलेले नाहीत. जमीन आपली आणि समुद्र सरकारचा, अशी आपलीही समजूत झाली आहे.

यापुढे एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीची सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून आली, तर आपल्यापैकी कोणी तरी ती कापून ठेवावी, तांडेलांना वाचून दाखवावी आणि ठरल्या दिवशी जाऊन बसावे. सुनावणी ठेवलीच नसेल, तर ती का नाही, हे पत्र लिहून विचारावे. सांता बार्बाराच्या लोकांनी पुळण काळी झाल्यावर विचारले. आपल्याला ते आधी विचारता येईल.